गवत फुकटचं, डिझेल सव्वाशे लिटर : सिन्नरच्या एका माळाचा हिशोब

सिन्नर तालुक्यातले एक शेतकरी, वय साठीच्या पुढे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, त्यांचा ट्रॅक्टर माझ्याकडे दुरुस्तीला आला. तक्रार एकच, अ‍ॅव्हरेज गेलंय. पंप-नोझल (इंजिनात डिझेल सोडणारे भाग) काढ, कॅलिब्रेशन करून दे, नाहीतर यंदा गवत कापणं परवडायचं नाही, माळावरचं गवत फुकटचं आणि त्याच्यापायी सव्वाशे लिटर डिझेल गेलं म्हणजे काय चेष्टा आहे का, असं ते म्हणत होते. ४५ एचपीचा ट्रॅक्टर, जुना पण सांभाळलेला. मी चालू करून बघितला, लोडवर काळा धूर नाही, स्टार्टिंगला खोकत नाही, पंप खोलण्यासारखं मला काही दिसलं नाही. एअर फिल्टरच्या ऑइलमध्ये मात्र गवताचा भुसा बसून चिखल झालेला आणि रेडिएटरची जाळी निम्मी बुजलेली, गवतात काम करणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरचं हेच होतं, ते साफ केलं. पण तेवढ्याने सव्वाशेचं कोडं सुटणार नव्हतं. पंप खोलायचे पैसे लावण्याआधी डिझेल नक्की कुठं गेलं ते बघू, असं मीच त्यांना म्हटलं, आणि हे प्रकरण सुरू झालं.

आधी परिस्थिती सांगतो. घराजवळ सहा एकर, त्यात कांदा, सोयाबीन, थोडा मका. गोठ्यात पाच संकरित गाई. आणि घरापासून चार किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याला तीन एकर माळ, दगडगोट्याचा, तिथं नांगर चालत नाही, पण मारवेल, पवना, थोडं शेडा, कडेला कुसळी असं गवत दर पावसाळ्यात येतं. सुकवलं की तीन एकरांत मिळून साधारण साडेतीन टन होतं. पाच गाईंना दिवसाला पाच-पाच किलो सुकी वैरण धरली तर २५ किलो, म्हणजे साडेतीन टन चार-साडेचार महिने पुरतं, दिवाळीपासून मार्च संपेपर्यंत. एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत विकत आणायचं, त्याकडे शेवटी येतो.

अण्णांची पद्धत अशी, की गवताच्या दिवसांत आणलेलं सगळं डिझेल एकाच वहीत, एकाच पानावर, 'गवत' अशा नावाने. पस्तीस-चाळीस लिटरचे कॅन, तारखा, रुपये. ही वही चांगली गोष्ट आहे, बहुतेकांकडे तीही नसते, पण तिच्यात कापणीचं डिझेल किती, वाहतुकीचं किती हे काही कळत नव्हतं. मग आम्ही बसून एकेक काम वेगळं काढलं. ज्या कामांची पुन्हा चाचणी घेता येत होती तिथं टाकी गळ्यापर्यंत भरायची, काम करायचं, परत त्याच सपाट जागी उभा करून मापाच्या डब्याने गळ्यापर्यंत भरायची. जागा सपाटच पाहिजे बरं का, ट्रॅक्टर जरा कलता उभा राहिला की लिटर-दोन लिटरचा फरक दिसतो आणि मग सगळा हिशोब बोंबलतो.

कापणी बघा. गावातल्या एकाचा ड्रमचा मोवर भाड्याने, ट्रॅक्टर आणि डिझेल अण्णांचं. तीन एकरांना अडीच तासाच्या आसपास, तासाला चार लिटर, म्हणजे दहा लिटर. मग चाकाच्या दाताळ्याने गवत पलटणं आणि ओळी लावणं, हे हलकं काम, पण मागच्या वर्षी परतीच्या पावसाने झोडपल्यामुळे तीनदा पलटावं लागलं, सात लिटर. मग वाहतूक. मोकळं गवत ट्रॉलीत रचलं, वर दोर आवळला, तरी पाचशे-साडेपाचशे किलोच्या वर बसत नाही, कारण मोकळ्या गवताचं वजन घनमीटरला ५०-६० किलोच असतं, ट्रॉली दिसते डोंगराएवढी आणि वजन जेमतेम. साडेतीन टनाला सहा-सात खेपा. जाऊन येऊन आठ किलोमीटर, खडीचा रस्ता, ट्रॉलीसकट लिटरला चार किलोमीटर धरा, म्हणजे दोन लिटर, आणि भरेपर्यंत तासभर ट्रॅक्टर नुसता उभा चालू, त्यात आणखी लिटरभर. खेपेला तीन, एकूण एकवीस.

दहा, सात, एकवीस. अडतीस झाले. वहीत सव्वाशे.

मग उरलेले पंच्याऐंशी-नव्वद कुठं गेले? अण्णा म्हणाले, तेच तर म्हणतोय, पंप गळतोय. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "अहो, रोजचा चारा कोण आणत होतं मग?"

तिथं गाडी अडली होती. भाद्रपदापासून दसऱ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे महिना-सव्वा महिना, अण्णा रोज सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन माळावर जायचे, विळ्याने कोवळं गवत कापायचे, चार-पाच भारे, दीडशे किलोच्या आसपास, आणि घरी यायचे. मोटरसायकल मुलाकडे, तो मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत फर्स्ट शिफ्टला जातो, मग उरला ट्रॅक्टर. जाऊन येऊन दोन लिटर. चाळीसेक दिवस. ऐंशी लिटर!

आता यात गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पैशाचा चुराडाच. भाद्रपदातल्या कोवळ्या गवतात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. दीडशे किलोत कोरडा चारा फक्त तीसेक किलो, बाकी एकशेवीस किलो पाणी ट्रॉलीत बसून माळावरून गोठ्यात येतंय. तीस किलो कोरड्या चाऱ्याला दोन लिटर, म्हणजे टनाला सहासष्ट-सदुसष्ट लिटर. आणि सुकं गवत? अडतीस लिटरमध्ये साडेतीन टन, त्यातलं पंधरा टक्के पाणी वजा केलं तर तीन टन कोरडं, टनाला तेरा लिटरसुद्धा नाही. तोच माळ, तोच ट्रॅक्टर, तोच पंप, आणि पाच पटीचा फरक.

एकरी डिझेल मोजलं की हे दिसतच नाही, सगळं एका ढिगात जातं. दर टन कोरड्या चाऱ्यामागे लिटर किती हे काढलं की चोर लगेच सापडतो. रुपयांत सांगायचं तर डिझेल हिशोबाला ९० रुपये धरलं (२०२५ मध्ये नाशिकला साधारण त्याच आसपास होतं) तर सुक्या गवताला किलोमागे रुपयाच्या आत डिझेल पडतं. हिरवं ट्रॉलीने आणलं तर हिरव्या किलोला सव्वा रुपया, कोरड्याच्या हिशोबात किलोला सहा रुपये, आणि हे फक्त डिझेल, अण्णांचे सकाळचे दोन तास धरलेच नाहीत.

सुकवण्याचं काम मुळात कोण करतं हेही जरा बघा. कापणीच्या वेळी फुलोऱ्यातल्या गवतात ७० टक्के पाणी धरलं तर एक टन सुकं गवत व्हायला पावणेतीन टनाच्या वर हिरवं कापावं लागतं आणि जवळजवळ अठराशे किलो पाणी उडून जावं लागतं. एवढं पाणी डिझेल जाळून उडवायचं म्हटलं, आणि सगळीच्या सगळी उष्णता कामी आली असं धरलं, तरी शंभर-सव्वाशे लिटर लागेल. टनाला दहा-अकरा हजारांचं काम ऑक्टोबर हीट माळावर फुकट करून देते. मग ते पाणी उन्हाला न देता ट्रॉलीत भरून घरी आणायचं कारण काय?

अण्णांना हे पटलं पण लगेच उलट प्रश्न, की गाभण आणि दुभत्या गाईंना हिरवं नको का, नुसत्या सुक्यावर दूध येईल का. बरोबर आहे त्यांचं. हिरवं लागतंच. फक्त ते चार किलोमीटरवरून ट्रॉलीत यायला नको. गोठ्यामागे पाच-सहा गुंठे पडीक तुकडा होता, त्यात राहुरी विद्यापीठाचं फुले जयवंत, म्हणजे हिरव्या चाऱ्याचं संकरित नेपियर गवत, त्याची ठोंबं लावली. गोठा धुतलेलं पाणी तिकडेच काढून दिलं, कमी पडलं तर विहिरीचं. कृषिपंपाला साडेसात एचपीपर्यंत २०२४ पासून मोफत वीज आहे, त्यामुळे पाण्याचा खर्च अण्णांच्या खिशातून जात नाही. कडबाकुट्टी मात्र घरच्या मीटरवर, दोन एचपीची मोटर तासाला दीड-दोन युनिट खाते, डिझेलच्या मानाने किरकोळ. आणि नेपियर तयार होईपर्यंत मुलाने संध्याकाळी शिफ्टवरून आल्यावर मोटरसायकलवर दोन-दोन भारे आणले, त्याच्या दोन खेपांना पेट्रोल पाव-अर्धा लिटरच्या मध्ये कुठंतरी. पोरगं कुरकुरलं, साहजिक आहे, दिवसभर मशीनवर उभं राहून आलेलं असतं.

हे झालं मोठं भोक. आता अडतीस लिटरमध्ये काय वाचलं ते.

पहिली गोष्ट बॅटरी. भरताना ट्रॅक्टर बंद का करत नाही विचारलं तर म्हणे, बंद केला की सेल्फ मारत नाही, ढकलायला माणसं कुठं शोधू माळावर. म्हणजे बॅटरी मेली म्हणून तासाला लिटरभर डिझेल नुसतं उभ्या गाडीत जातंय, आणि गवतातच नाही, वर्षभर, कांदा भरताना, खत टाकताना, चहा पिताना. नवी बॅटरी घातली, पाच-सहा हजार गेले. माझ्या गॅरेजला येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांपैकी कितीतरी असेच चालूच ठेवून उभे केलेले असतात आणि मालक अ‍ॅव्हरेजच्या नावाने पंपाला शिव्या देतात.

दुसरं, दाताळ्याचं काम. चाकाचं दाताळं जमिनीवर फिरतं, त्याला पीटीओ (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा) लागत नाही, जोरही लागत नाही. तिथं लोक मोवरच्याच सवयीने अ‍ॅक्सिलेटर वर ठेवून लहान गिअरमध्ये जातात. गिअर वरचा टाका, आरपीएम १३००-१४०० वर आणा, वेग तोच राहतो आणि आवाजावरूनच कळतं की इंजिन आरामात आहे. मोवरला हे चालत नाही, त्याला पीटीओचे ५४० फेरे पूर्ण पाहिजेतच, नाहीतर गवत कापण्याऐवजी फाटतं आणि परत फिरावं लागतं. पाती धारदार पाहिजेत आणि माळावरचे मोठे दगड आधी वेचून काढलेले पाहिजेत, अण्णांनी ते उन्हाळ्यात केलं.

तिसरं कापायची वेळ, आणि इथं मात्र सरळ उत्तर नाही. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी कापलं, गवत फुलोऱ्यात, चाऱ्याच्या दृष्टीने एकदम बरोबर वेळ, पण परतीचा पाऊस आला. पलटून पलटून डिझेल गेलं ते वेगळं, वर आभाळ बघून घाबरून अर्धओलं गवत घाईघाईत घरी आणून गंजी रचली. आठ-दहा दिवसांत गंजी तापली, हात घातला तर आत चटका, तंबाखूसारखा वास, मधला भाग तपकिरी आणि बाजूने पांढरी बुरशी. नशीब पेटली नाही, ओली गंजी आतून तापून खरंच पेट घेऊ शकते. तीनेकशे किलो उकिरड्यावर गेलं. ते कापायला, पलटायला, आणायला लागलेलं डिझेलही उकिरड्यावरच की.

यावेळी कोजागिरीनंतर, आकाश मोकळं झाल्यावर कापलं. एकदाच पलटलं, एकदा ओळी लावल्या आणि सकाळचं दहिवर उडाल्यावरच गोळा केलं. सुकलं की नाही हे बघायला मी त्यांना बरणीची युक्ती सांगितली : काचेची कोरडी बरणी घ्यायची, त्यात मूठभर गवत बारीक कातरून टाकायचं, चमचाभर कोरडं खडं न झालेलं मीठ टाकायचं आणि झाकण लावून दोन मिनिटं हलवायची. मीठ सुटं राहिलं तर पाणी पंधरा टक्क्यांच्या आत, गंजी रचा. मिठाचे गोळे झाले, काचेला चिकटलं, तर अजून ऊन द्या. काकूंनी लोणच्याची रिकामी बरणी दिली होती, तिला तळाशी तेलाचा हात राहिलेला, त्यामुळे पहिल्यांदा मीठ तसंच चिकटलं आणि अण्णा म्हणाले अजून ओलंय, मग बरणी धुऊन परत केलं.

पण उशिरा कापण्याची किंमत आहेच. गवत जून झालं, काड्या वाढल्या, कडेच्या कुसळीला कुसळं धरायला लागली होती, ती पिकली की जनावराच्या तोंडात टोचतात. काकूंचं म्हणणं की गव्हाणीत यंदा काड्या जास्त उरतात, आणि त्या रोज गव्हाण झाडतात त्यामुळे त्यांचं ऐकलं पाहिजे. कुट्टी करून दिल्यावर नासाडी कमी झाली पण गेली नाही. माझं मत असं की फुलोरा आणि कुसळं पिकणं याच्यामध्ये जे थोडे दिवस मिळतात त्यातच हवामानाचा अंदाज बघून अर्धा माळ कापावा, अर्धा मागे ठेवावा. अण्णांना ते दोनदा मोवर आणणं नको आहे, भाड्याचा आहे, तेही खरं.

दाजींचा मिनी ट्रॅक्टर आणायची एक आयडिया मध्येच निघाली. अण्णांचे दाजी निफाडकडे, द्राक्षबाग, त्यांच्याकडे वीस-बावीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, हलक्या कामाला कमी डिझेल खाईल असं अण्णांच्या मुलाचं म्हणणं. दाताळं ओढायला तो नक्की कमी खाईल, पण निफाडहून सिन्नरकडे रस्त्याने यायला दीड-दोन तास, परत जायला तेवढेच, तासाला अडीच-तीन लिटर, म्हणजे नुसत्या ये-जा करण्यात दहा लिटर उडाले आणि माळावर वाचणार जास्तीत जास्त दोन. शिवाय ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, त्यानंतर एक दिवसाआड औषध फवारायचा ब्लोअर चालू, त्या दिवसांत द्राक्षवाला स्वतःच्या सख्ख्या भावालासुद्धा ट्रॅक्टर देणार नाही.

बेलरचंही विचारून बघितलं. गठ्ठे बांधणारा एकजण तालुक्यात फिरतो, त्याने गठ्ठ्याला चाळीस रुपये सांगितले, त्याच्याच ट्रॅक्टर-डिझेलसकट. चौदा-पंधरा किलोचा गठ्ठा, साडेतीन टनाचे अडीचशेच्या आसपास गठ्ठे, दहा हजार रुपये. गठ्ठ्यात गवताची घनता अडीच-तीन पट होते, खेपा सातवरून तीनवर येतात, म्हणजे वाहतुकीचे बारा लिटर वाचले, अकराशे रुपये. बेलर स्वतः तासाला चार-पाच लिटर पितो, दोन-सव्वादोन तास चालला तर नऊ-दहा लिटर, ते त्याच्या खिशातून पण शेवटी आपल्याच बिलात. चार किलोमीटरसाठी बेलर डिझेलच्या नावाखाली घेऊ नका, एवढंच मी म्हणेन. मजूर मिळत नाहीत, गंजीला जागा नाही, शेडमध्ये रचायचंय, ही कारणं असतील तर घ्या, ती खरी कारणं आहेत. अण्णांनी त्याऐवजी ट्रॉलीला चारी कोपऱ्यांत बांबू उभे केले, रचणारा जाणता माणूस घेतला आणि खेपा पाचवर आणल्या.

यंदाचा आकडा : कापणी दहा, दाताळं चार, वाहतूक अकरा. पंचवीस लिटर. मागच्या सव्वाशेसमोर हे भारी दिसतं, पण त्यात सगळं आमचं कर्तृत्व नाही. कापल्यावर पाऊस आला नाही ही नशिबाची गोष्ट, आला असता तर आणखी पाच-सात लिटर सहज गेले असते. आणि मूळची ऐंशी लिटरची बचत तर ट्रॅक्टर गोठ्यात उभा ठेवल्यामुळे झाली, त्यात मेकॅनिकचं काही काम नाही. पंप-नोझलला मी अजूनही हात लावलेला नाही.

राहिला उन्हाळ्याचा प्रश्न. एप्रिलपासून गवत विकत, आणि ते येतं घोटीच्या बाजूने, इगतपुरी तालुक्यातून, तिकडे पाऊस जास्त आणि डोंगरी गवत, भाताचा पेंढा भरपूर. घोटी-सिन्नर रस्ता साधारण ४५ किलोमीटर, जाऊन येऊन नव्वद. इथं हिशोब पूर्ण उलटतो. ट्रॅक्टर-ट्रॉली नेली तर बावीस-तेवीस लिटर आणि अख्खा दिवस, नाव काढू नका. पिकअप लिटरला दहा धरला तर नऊ लिटर, पण मोकळा पेंढा सहाशे किलोच बसतो, टनाला पंधरा लिटर. तोच पिकअप गठ्ठ्यांनी भरला तर तेराशे-चौदाशे किलो, टनाला साडेसहा-सात. घरच्या माळावर जो बेलर परवडत नव्हता तोच इथं परवडतो, आणि तो खर्च विकणाऱ्याने आधीच केलेला असतो, आपण फक्त गठ्ठ्याचा भाव आणि मोकळ्याचा भाव यातला फरक वाहतुकीच्या बचतीशी लावून बघायचा. आणि गठ्ठा घेताना मधला एखादा फोडून बघायचा, बाहेरून सोनेरी आणि आत काळा असा भाताचा पेंढा मी स्वतः बघितलाय.

पिकअपवाल्याने रिकामं जायचं भाडं लावलंच होतं. मग एप्रिलमध्ये अण्णांनी जाताना उन्हाळ कांद्याच्या गोण्या टाकल्या, घोटीच्या त्याच पेंढावाल्याला घरी खायला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायला कांदा लागतोच, त्याने पेंढ्याच्या पैशातून कांद्याचे वळते केले. या खेपेचं डिझेल वहीत कुठल्या पानावर लिहायचं यावर अण्णा आणि त्यांच्या मुलाचं अजून एकमत नाही, अण्णा म्हणतात सगळं गवताच्या नावे, मुलगा म्हणतो निम्मं कांद्याच्या. मी मुलाच्या बाजूने आहे.